सगळे समान, मग बंदूक कुणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी 'हॅरिसन बर्जरॉन' या अमेरिकन कथेचा नुसता ओझरता उल्लेख केला होता आणि त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम तिलाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. कर्ट व्हॉनेगट यांची ही कथा ऑक्टोबर १९६१ मध्ये तिकडच्या एका सायन्स फिक्शन मासिकात आली, पुढे १९६८ मध्ये त्यांच्या 'वेलकम टू द मंकी हाउस' या संग्रहात. साल २०८१. अमेरिकेच्या घटनेत २११, २१२ आणि २१३ नंबरच्या दुरुस्त्या झाल्यात आणि आता कायद्यानेच कुणी कुणापेक्षा हुशार नाही, देखणं नाही, ताकदवान नाही. जो ताकदवान त्याच्या अंगावर वजनं, जो देखणा त्याच्या तोंडावर मुखवटा, जो हुशार त्याच्या कानात रेडिओ, ज्यातून दर वीसेक सेकंदांनी कानठळ्या बसवणारा आवाज येतो म्हणजे विचार पुढे सरकायलाच नको. या खात्याची प्रमुख म्हणजे हँडिकॅपर जनरल, नाव डायना मून ग्लॅम्पर्स. जॉर्ज आणि हेझल हे नवरा-बायको घरी टीव्हीवर बॅले बघत बसलेत आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन सरकारने उचलून नेलाय. तो तुरुंगातून पळतो, टीव्ही स्टुडिओत घुसतो, मी सम्राट आहे म्हणून ओरडतो, अंगावरची वजनं तोडून टाकतो, एका नर्तिकेबरोबर नाचतो, आणि ग्लॅम्पर्स येऊन दोघांना गोळ्या घालते. आई हे टीव्हीवर बघते, बाप तेवढ्यात किचनमध्ये बिअर आणायला गेलेला असतो, परत येऊन बघतो तर बायकोच्या गालावर पाणी, पण कशासाठी रडले ते तिला आठवतच नाही. संपली गोष्ट.

आता प्रश्न.

मॅडम, मी बीए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये सिंबॉल्सचं टेबल आहे: वजन म्हणजे दडपशाही, मुखवटा म्हणजे ओळख पुसणं, रेडिओ म्हणजे मीडिया. एवढं केलं की पुरे का? आणि आयरनीचा प्रश्न वेगळा आला तर काय लिहू? (एक विद्यार्थिनी, कराड)

टेबल पाठ कर, मार्क मिळतील, पण कथा त्यात मावणार नाही. तुझ्या टेबलात प्रत्येक वस्तूसमोर एकच अर्थ आहे आणि व्हॉनेगट प्रत्येक वस्तू दोन्ही बाजूंनी वापरतात, म्हणजे सरकारने ती एका कामासाठी लावलेली असते आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बरोबर उलटं काम करायला लागते. आयरनी म्हणजे हेच, त्यामुळे तिचं उत्तर वेगळं शोधायला जाऊ नकोस, ती सिंबॉलच्या आतच सापडेल.

वजनांचंच घे. नर्तिका नाचतायत, सगळ्यांच्या अंगाला वजनं आणि छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधलेल्या, उद्देश हा की एखादी सुंदर मुलगी मोकळेपणाने नाचताना बघून कुणाला आपण कमी आहोत असं वाटू नये. पुढे त्यांच्यातली एक मुलगी बातमी वाचायला येते, आणि कथेचा निवेदक स्पष्ट लिहितो की ती सगळ्यांत ताकदवान आणि डौलदार असणार हे लगेच कळत होतं, कारण तिच्या पिशव्या दोनशे पौंडांच्या पुरुषांना लावतात तेवढ्या मोठ्या होत्या. ती देखणी असणार हेही कळत होतं कारण तिचा मुखवटा सगळ्यांत भयंकर. बघ हं काय झालं ते, फरक लपवायला जी वस्तू आणली तीच फरकाची पाटी झाली! सरकारने प्रत्येकाच्या अंगावर त्याची गुणवत्ता किलोमध्ये मोजून टांगली आहे. आणि बातमी वाचायला सुरुवात केल्याबरोबर त्या मुलीला आपल्या आवाजाची माफी मागावी लागते, कारण तो फार गोड आहे, मग ती तो मुद्दाम कर्कश करून पुन्हा पहिल्यापासून वाचते. माफी मागितली की सगळ्यांना कळलंच ना की खरा आवाज गोड आहे.

रेडिओचंही तेच. जॉर्जच्या कानात एकवीस तोफांच्या सलामीचा आवाज होतो, तो पांढराफटक पडून थरथरायला लागतो, आणि त्याच क्षणी टीव्हीवरच्या आठ नर्तिकांपैकी दोघी कपाळाच्या कडा धरून खाली कोसळतात. म्हणजे त्या आठजणींत हुशार कोण हे अख्ख्या देशाला लाइव्ह दिसलं. हॅरिसनचा फोटो दाखवतात तोही फूट-इंचांच्या खुणा असलेल्या पार्श्वभूमीवर, उंची बरोबर सात फूट, आणि त्याच्याबद्दल इशारा काय, तर तो अत्यंत बुद्धिमान आहे, खेळाडू आहे आणि म्हणून धोकादायक आहे. एवढी जाहिरात त्याच्या आईनेही कधी केली नसती.

आणखी एक जागा आहे जी नोट्समध्ये बहुतेक नसेल. जॉर्जच्या गळ्यातली पिशवी ४७ पौंडांची आहे, म्हणजे एकवीस किलोच्या वर, आणि तिला कुलूप. हेझल त्याला प्रेमाने म्हणते की जरा पिशवी टेकवून बस ना, घरात तू कुणाशी स्पर्धा करतोयस. तो म्हणतो मला आता ती जाणवतच नाही, ती माझाच एक भाग झालीये. मग ती सुचवते की तळाला बारीक भोक पाडून थोडे छर्रे काढून टाकू, त्यावर तो कायदा सांगतो, काढलेल्या प्रत्येक छर्ऱ्यामागे दोन वर्षं तुरुंग आणि दोन हजार डॉलर दंड. हे नवरा-बायकोचं सोफ्यावरचं बोलणं मला हॅरिसनच्या सगळ्या उड्यांपेक्षा जास्त हलवून जातं. एकमेकांवर माया असलेली दोन माणसं रात्री घरात बसलीत, तिसरं कुणी बघत नाहीये, तरी तो पिशवी खाली ठेवायला तयार नाही, आणि कारण काय देतो, तर लोक असे नियम मोडायला लागले की आपण पुन्हा त्या जुन्या अंधारयुगात जाऊ जिथे प्रत्येकजण दुसऱ्याशी स्पर्धा करत होता. ही सरकारी भाषा आहे आणि ती त्याच्या तोंडून येतेय, ज्याच्या मानेला कुलूप लावलंय त्याच्या. तुझ्या टेबलात 'वजन म्हणजे दडपशाही' लिहिलंय त्याच्यापुढे एवढं लिही की दडपशाही स्वतःच्या मालकीची वाटायला लागते तो क्षण इथे आहे.

वजनाची कल्पना येते कुठून तेही माहीत असू दे. घोड्यांच्या रेसमध्ये हँडिकॅपर नावाचा अधिकारी असतोच, महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही असतो, तो चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठरवतो आणि वजन कमी पडलं तर शिशाचे तुकडे खोगिराशी लावतात, म्हणजे शर्यत चुरशीची होते. व्हॉनेगटनी हे जसंच्या तसं उचललं, हॅरिसनबद्दल लिहिताना आयुष्याच्या शर्यतीत तो ३०० पौंड वाहत होता असंच वाक्य आहे. पण रेसमध्ये वजन लावतात ते घोड्याने पळावं म्हणून, इथे वजन लावलंय आणि शर्यतच बंद केलीये.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही कथा आरक्षणाच्या विरोधात फॉरवर्ड होते, "बघा, समानतेचा अतिरेक झाला की काय होतं" अशी वर ओळ लिहून. मला ते पटत नाही पण उत्तर देता येत नाही. व्हॉनेगट खरंच समानतेच्या विरोधात होते का? (एक वाचक, ठाणे)

तुमच्या ग्रुपवरच नाही, खुद्द अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ही कथा अशीच वापरली गेलीये. २००१ सालची केस आहे, केसी मार्टिन नावाचा गोल्फपटू, त्याच्या पायात रक्ताभिसरणाचा गंभीर आजार, त्याला चालणं कठीण, म्हणून त्याने पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या स्पर्धेत गोल्फ कार्ट, म्हणजे मैदानावरची छोटी गाडी, वापरायची परवानगी मागितली. कोर्टाने ७ विरुद्ध २ ने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि विरोधी मत लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी शेवटी या कथेच्या पहिल्या ओळीचा आधार घेतला, फक्त साल बदलून, की साल होतं २००१ आणि सगळे अखेर समान झाले होते. आता मला सांगा, कथेत कुठे कुणाला गाडी दिलीये? कथेत चालणाऱ्याच्या पायात बेड्या घातल्यात. केसी मार्टिनला कार्ट दिल्याने दुसऱ्या एकाही खेळाडूच्या बॅगेत एक छर्रासुद्धा वाढला नाही. या दोन गोष्टी एक कशा काय होतात?

दुसरा प्रसंग २००५ चा, आणि तिथे लेखक स्वतः हयात होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शाळांना मिळणाऱ्या पैशांच्या वाटपावरून केस चालू होती आणि तिथल्या वकिलांनी पैशाच्या समान वाटपाविरुद्ध बोलताना याच कथेचा दाखला दिला. एका स्थानिक पेपरने थेट व्हॉनेगटना विचारलं, ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी सांगितलं की कथा बुद्धी आणि कलागुणांबद्दल आहे, आणि श्रीमंती हा या दोन्हींचा पुरावा नाही, आईबाप गरीब आहेत म्हणून मुलांना चांगलं शिक्षण मिळू नये असं मला मुळीच वाटत नाही. उलट पोरांच्या गळ्यात वाईट शिक्षणाचं वजन तर कॅन्ससच बांधतंय असा त्यांचा सूर होता. तुमच्या ग्रुपवर हे नक्की टाका.

माणूस म्हणूनही ते कोण होते बघा ना. इंडियानाचे, त्याच राज्यातले समाजवादी कामगार नेते यूजीन डेब्स यांच्याबद्दल त्यांना आयुष्यभर आदर. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये होते, १९४५ चा बॉम्बहल्ला त्यांनी तळघरात बसून काढला. असा माणूस समानतेची टिंगल करायला कथा लिहितोय हे मला तरी पटत नाही. मला वाटतं कथेतच खूण ठेवलीये. नीट वाचा, त्या तथाकथित समान समाजात पैसा जसाच्या तसा आहे! दंड डॉलरमध्ये आहे. टीव्हीवरचा निवेदक बोलण्यात अडखळतो तेव्हा हेझल म्हणते बिचाऱ्याने प्रयत्न केला, त्याला पगारवाढ मिळाली पाहिजे. म्हणजे पगार कमीजास्त आहेत, वाढ आहे, वरचे आहेत, खालचे आहेत. समान काय केलं, तर फक्त ते जे निसर्गाने दिलंय, नाचता येणं, विचार करता येणं, आवाज. आणि ज्या गोष्टी माणसांनी असमान केल्या त्यांना कुणी हात लावलेला नाही. आणि ग्लॅम्पर्सबाईंच्या अंगावर कुठलं वजन आहे असं एकाही ओळीत लिहिलेलं नाही, त्यांच्या हातात दहा गेजची दुनळी बंदूक आहे. दोघांना मारल्यावर ती पुन्हा भरतात, वादकांवर रोखतात आणि वजनं परत चढवायला दहा सेकंद देतात. मी ही कथा अशी वाचते की समानता हा इथे फक्त युनिफॉर्म आहे, आत सत्ता आहे, आणि अशी प्रत्येक कथा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की वजन कोण ठरवतंय आणि ठरवणाऱ्याचं वजन कोण करतंय.

आरक्षणाचं म्हणाल तर त्यासाठी अमेरिकेत जायची गरजच नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हा मुद्दा याच शर्यतीच्या भाषेत मांडलाय. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण, मंडळाने कार्यक्रमच रद्द केला म्हणून त्यांनी स्वतः छापलं. ते तिथे सरळ कबूल करतात की सगळी माणसं सारखी नसतात, शरीराची देणगी वेगळी, घरातून मिळालेलं शिक्षण आणि संपत्ती वेगळी, स्वतःची मेहनत वेगळी. मेहनतीतल्या फरकाप्रमाणे वागणूक वेगळी असायला त्यांची हरकत दिसत नाही. पण पहिल्या दोन गोष्टींवरून माणसाला कमी लेखायचं का असा त्यांचा सवाल आहे, आणि समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त हवं असेल तर शर्यतीच्या अगदी सुरुवातीला त्यांना शक्य तेवढं समान पातळीवर आणलं पाहिजे असं ते म्हणतात. ग्लॅम्पर्स शर्यत चालू असताना पुढच्याच्या गळ्यात पिशवी अडकवते, आणि बाबासाहेब ज्यांच्या गळ्यात जन्माआधीच पिशवी अडकवली गेली त्यांचं कुलूप उघडायला सांगतायत. जातीने हजारो जॉर्ज आपल्याकडे २०८१ ची वाट न बघताच तयार केले होते, ज्यांना शिकायची, पाणी प्यायची, चांगला कपडा घालायची बंदी होती. ही कथा आपल्याकडे कुणाला लागू पडत असेल तर त्या बंदी घालणाऱ्यांना लागू पडते असं माझं स्पष्ट मत आहे.

हॅरिसन हिरो आहे ना? मग तो वाचताना थोडा विचित्र का वाटतो? (एक वाचक, मडगाव)

विचित्र वाटतो कारण तो तसा लिहिलाच आहे. स्टुडिओत येऊन पहिलं वाक्य काय, मी सम्राट आहे, मी सांगेन ते सगळ्यांनी ताबडतोब केलं पाहिजे. वादकांना काय सांगतो, चांगलं वाजवा, मी तुम्हाला सरदार-उमराव करीन. म्हणजे सक्तीची समानता मोडायला आलेला पोरगा दोन मिनिटांत राजेशाही आणतोय. त्याच्या नाकावर लाल रबरी बॉल आहे, भुवया काढलेल्या, पांढऱ्या दातांवर मधेमधे काळ्या टोप्या. विदूषक करून ठेवलाय त्याला आणि विदूषकाच्याच वेषात तो सिंहासन मागतो.

तरी मी त्याला झटकून टाकणार नाही. तो चौदा वर्षांचा आहे, त्याला दुसरं काय माहीत असणार, ज्याने आयुष्यभर फक्त हुकूम पाहिलेत तो सुटल्यावर हुकूमच देणार. नाच सुरू होतो तेव्हा मात्र भाषा एकदम बदलते, आत्तापर्यंत कोरडं, सरकारी पत्रकासारखं लिहिणारा निवेदक अचानक मोकळा होतो, दोघं उडत उडत तीस फुटांवरच्या छताला टेकतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमसुद्धा मोडतात. हे घडणं शक्य नाही हे लेखकालाही माहीत आहे. पण त्या दोन परिच्छेदांत कथेला जी उंची मिळते ती राजेपणाची नाहीये, दोन माणसं मनापासून काहीतरी सुंदर करतायत त्याची आहे. वादकही पहिल्यांदा बेसूरच वाजवतात, सवय गेलेली, मग हॅरिसन त्यांना पुन्हा वाजवायला लावतो आणि संगीत खरंच सुधारतं. म्हणून गोळी लागते तेव्हा मला सम्राट मेल्याचं काही वाटत नाही, वाईट वाटतं ते त्या नर्तिकेचं, जिचं कथेत नावही नाही आणि जी फक्त नाचली होती.

शेवट वाचून मी हसले आणि मग मला स्वतःचाच राग आला. असं का होतं? (एक वाचक, नाशिक)

राग येऊ देऊ नका, हसू यावं असंच ते बांधलंय. हेझल म्हणते टीव्हीवर काहीतरी फार दुःखाचं होतं, जॉर्ज म्हणतो दुःखाच्या गोष्टी विसरून जा, ती म्हणते मी नेहमी तेच करते. मग त्याच्या कानात आवाज होतो, हेझल म्हणते हा जबरदस्त होता वाटतं, जॉर्ज म्हणतो पुन्हा बोल, म्हणजे त्याला म्हणायचंय की अगदी खरंय, आणि ती ते शब्दशः घेऊन तेच वाक्य खरंच पुन्हा बोलते. कथा इथे थांबते. टीव्हीवरच्या हलक्याफुलक्या फॅमिली सिरियलमध्ये चालतो तसा जुना विनोद आहे हा, आणि तो एका मेलेल्या मुलाच्या बातमीनंतर लगेच ठेवलाय.

माझ्या मते कथेतलं सगळ्यांत क्रूर हत्यार बंदूक नाहीये, ते वीस सेकंद आहेत. गोळी दोघांना मारते, पण वीस सेकंदांचा तो आवाज शोक करूच देत नाही. हॅरिसनची आठवण त्याच्या बापाच्या मनात सुरुवातीला येऊ लागते आणि तेवढ्यात तोफा. पुढे मुलगा पळाल्याची बातमी, मग तो स्टुडिओत शिरताना इमारतीचा भूकंपासारखा आवाज होतो आणि जॉर्ज तो आवाज ओळखतो, कारण त्याच्या स्वतःच्या घराने तो आवाज कितीतरी वेळा ऐकलाय, पण 'हा हॅरिसनच' असं मनात येतंय न येतंय तोच कानात गाड्यांची टक्कर. एका बापाला आपल्या मुलाबद्दलचा विचार पूर्ण करू दिला जात नाही. आणि हेझलच्या कानात तर रेडिओच नाही! तिची बुद्धी ठरवलेल्या सरासरीत बसते म्हणून तिला काही लावलेलं नाही, तरी तीही विसरते. सरासरी कुठे आणून ठेवलीये ते यावरून कळतं.

आणि एक बारीक वाक्य परत वाचा, हेझल दिसायला बरीचशी ग्लॅम्पर्ससारखी आहे असं निवेदक म्हणतो. ती प्रेमळ बाई स्वतःही म्हणते की मी हँडिकॅपर जनरल झाले तर छान काम करीन, दर रविवारी त्रासदायक आवाजाऐवजी घंटानाद लावीन, धर्माच्या मानासाठी. तिच्या मनात वाईट काहीच नाही. तिला फक्त घंटा लावायच्यात. मला हे वाचून खरंच भीती वाटते कारण अशी सज्जन माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत, जी कुठल्याही व्यवस्थेत जाऊन बसतात आणि ती थोडी गोड करून देतात.

याच धर्तीचं आणखी काय वाचू? (एक वाचक, दुबई)

एल. पी. हार्टली यांची 'फेशियल जस्टिस', १९६० ची, म्हणजे व्हॉनेगटच्या कथेच्या एकच वर्ष आधीची. तिसऱ्या महायुद्धानंतरचं इंग्लंड, सुंदर चेहरा हा दुसऱ्यांवर अन्याय मानला जातो आणि बायकांना ऑपरेशन करून एकसारखा 'बीटा' चेहरा दिला जातो. जेल ९७ नावाच्या नायिकेचा चेहरा तिला न विचारता बदलतात आणि तिथून ती पेटते. इथे समानतेचं इंधन मत्सर आहे आणि हार्टली तो फार जवळून दाखवतात, मला हे पुस्तक आणखी लोकांनी वाचावं असं मनापासून वाटतं. व्हॉनेगटचीच 'द सायरन्स ऑफ टायटन', १९५९, तिच्यात लोक छर्ऱ्यांच्या पिशव्या आपणहून, धर्म म्हणून, अभिमानाने बांधतात. सक्ती नाही. ते वाचून मग १९६१ ची कथा वाचली तर कल्पना कशी कडू होत गेली ते दिसतं. झाम्यातिन यांची 'वी' रशियात १९२०-२१ मध्ये लिहिली गेली, इंग्रजीत १९२४ ला आली आणि सोव्हिएत युनियनमध्ये छापायला १९८८ उजाडलं. तिथे माणसांना नावांऐवजी नंबर, घरांना काचेच्या भिंती, आणि शेवटी कल्पनाशक्तीच काढून टाकायचं ऑपरेशन. आयन रँड यांची 'ॲन्थम', १९३८, हिच्यात 'मी' हा शब्दच बाद आहे आणि नायकाचं नाव चक्क इक्वॉलिटी ७-२५२१. वाचा जरूर, पण त्यात नायक पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबरच असतो त्यामुळे मला ती एकसुरी वाटते. हॅरिसन जसा चुकतो तसं तिथे कुणी चुकत नाही. ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' तर तुम्ही वाचलीच असेल, तिच्यात घसरण डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवली तिथेच सुरू झालेली असते.

आणि सगळ्यांत जुनी गोष्ट हवी असेल तर प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. कॉरिंथचा हुकूमशहा पेरिअँडर मिलेटसच्या थ्रासिब्युलसकडे दूत पाठवतो, राज्य सुरक्षित कसं ठेवू ते विचारायला. थ्रासिब्युलस त्या दूताला घेऊन उभ्या पिकात शिरतो, तोंडातून त्या विषयावर एक अक्षर नाही, फक्त जी ओंबी इतरांपेक्षा वर आलेली दिसेल ती तोडून टाकत चालत राहतो. दूताला वाटतं हा वेडा आहे. पेरिअँडरला मात्र बरोबर कळतं आणि तो शहरातल्या मोठ्या माणसांना संपवायला लागतो. उंच ओंबी तोडण्याचा सल्ला मुळात समानतावाद्याने दिलेला नाहीये, तो एका हुकूमशहाने दुसऱ्याला दिलाय. ठाण्याच्या वाचकांनी ग्रुपवर ही गोष्टही टाकावी.

मला मराठीत अशी कथा लिहायचीये. आयरनी कशी आणायची? सगळं भाषणबाजी होतं. (एक वाचक, अमरावती)

निवेदकाला मत देऊ नका. व्हॉनेगटचा निवेदक एकदाही म्हणत नाही की हे चूक आहे, तो सरकारी नोंद लिहावी तसा सांगत जातो आणि 'अखेर सगळे समान झाले' हे पहिलंच वाक्य समाधानाने म्हणतो. दुसरं म्हणजे आकडे द्या. किती पौंड, किती सेकंद, किती वर्षं शिक्षा. दुरुस्ती नंबर २१३ एवढं लिहिलं की पुरतं, कारण १९६१ च्या वाचकाला माहीत होतं की तोपर्यंत २३ च झाल्यात, पावणेदोनशे वर्षांत २३, आणि पुढच्या एकशेवीस वर्षांत १९०. कायदे कसे पडत गेले असतील ते वाचक आपोआप बघतो, तुम्हाला सांगावं लागत नाही. आणि एक वस्तू निवडा, तुमच्या रोजच्या पाहण्यातली, तिला सरकारी काम द्या आणि मग ती त्या कामाच्या विरुद्ध कशी वागते ते पात्रांना दिसू द्या, पण त्यांनी त्यावर बोलायचं नाही. कथा झाली की पाठवा, मी वाचीन.

मुलगी आठवीत आहे, तिला ही कथा द्यावी का? शेवटी खून आहे म्हणून विचारते. (एक आई, डोंबिवली)

द्या. हॅरिसन तिच्याच वयाचा आहे, तिला तो आपल्यापेक्षा जास्त कळेल. खुनाचं वर्णन एका वाक्यात संपतं, रक्ताचा उल्लेखही नाही. पण तिच्याबरोबर तुम्हीही वाचा, आणि झाल्यावर तिला विचारा की हेझल वाईट आहे का. ती काय म्हणते ते मला कळवा, पुढच्या अंकात छापू.